फौज चुकली तिथला दगड

आमच्या हर्सूलच्या गल्लीत नवा भाडेकरू राहायला आला की त्याला दोन गोष्टी आधी सांगून ठेवत. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ही एक, आणि सोरमारे नानांना पत्ता विचारायचा नाही ही दुसरी. पहिली गोष्ट सारखी बदलायची. दुसरी, नाना होते तोवर, कधी बदलली नाही.

नाना माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ नानांची कोपरं टेकलेली. उंच, काटक माणूस, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला आणि अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट. खिशावरचं कंपनीचं नाव त्यांनी ब्लेडनं उसवून काढलं होतं. "कंपनी सुटली, शर्ट कशाला सोडायचा?" असं त्यांचं म्हणणं. वाळूजच्या एका कारखान्यात ते शिफ्टच्या बसगाड्यांचं काम बघायचे. कुठली गाडी कुठं थांबेल, कोण कुठं चढेल, कुणाची बायको बाळंत झाली म्हणून गाडी जरा थांबवायची, सगळं त्यांच्या डोक्यात. त्या ठरलेल्या रस्त्यांवर नाना डोळे मिटून चालले असते. पण त्या रस्त्यांच्या पलीकडे, स्वतःच्या शहरातसुद्धा, त्यांना फारसं काही ठाऊक नव्हतं.

त्याला हरकत नव्हती. शहरातल्या निम्म्या लोकांना निम्मं शहर ठाऊक नसतं. हरकत ही होती की नानांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द निघत नसत. रस्त्यात कुणी थांबून विचारलं, "काका, अमुक हॉस्पिटल कुठं आलं?" की प्रश्न पुरा व्हायच्या आत नानांचा उजवा हात खांद्यापासून सरळ पुढे निघायचा, बोट ताठ, आणि नाना म्हणायचे, "हे काय, इथंच!" मग त्या बोटाच्या दिशेनं पुढचं सगळं शहर आपोआप रचलं जायचं. डावीकडे पिंपळ यायचा, पुढं पिठाची गिरणी यायची, गिरणीला वळसा घालून ते हॉस्पिटलही यायचं. त्यातला पिंपळ तेवढा बहुधा खरा असायचा.

मी एकदा त्यांना चिडून विचारलं, "नाना, माहीत नसेल तर नाही म्हणून सांगावं ना माणसानं!"

"ताई, हात आधी निघतो," नाना म्हणाले. "डोकं मागून येतं. आन् नाय कसं म्हनावं? उन्हातान्हाचा मानूस गाडी थांबवून आपल्याला इचारतो. त्याला हात हालवत कसं लावून द्यायचं? कायतरी सांगावं लागतंय की."

"आणि तो चुकला तर?"

"चुकला तर आपुन हायेच की. जायचं मागं."

आणि हे मात्र खरं. नाना मागे जायचे. हात आधी निघाला, माणूस गेला, की थोड्या वेळानं नानांचं डोकं यायचं. चहाचा कप हातातच राहायचा, चेहरा पडायचा, आणि "आरं तिच्या मारी!" असं म्हणून नाना मिळेल त्या वाहनानं त्या माणसाच्या मागे सुटायचे. एका लग्नसराईत वऱ्हाडाची जीप आमच्या नाक्यावर थांबली आणि मंगल कार्यालय विचारू लागली. नानांनी ती जीप थेट सेंट्रल जेलच्या फाटकावर पाठवली. वऱ्हाड फाटकावर उतरलं, फेटेबिटे बांधून, आणि आत सोडा म्हणून पहारेकऱ्याशी वाद घालू लागलं. तेवढ्यात कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून नाना पोचले. सगळ्यांची हात जोडून माफी मागितली, जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले, आणि वाटेत जो भेटेल त्याला विचारत विचारत त्यांनी वऱ्हाड कार्यालयात नेऊन पोचवलं. संध्याकाळी जेवूनखाऊन, पानबिन लावून आले. "चांगली मानसं हायेत," म्हणाले. "नवरदेवाचा मामा तर सोडायलाच तयार नाय."

असा हा माणूस रस्ता दाखवणारे दगड बसवायच्या कामावर लागला, यात दोष असलाच तर माझा.

झालं असं. फार जुन्या काळी एक फौज घाट चढून आमच्या भागात आली, वेरूळवरून पुढे सरकली आणि पुढं जाऊन एक मोठी लढाई जिंकली. कुठली फौज, कुठली लढाई, हे मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की फोन येतात, आणि समितीत असताना मी पुरेसे फोन घेतले आहेत. तर ती फौज ज्या रस्त्यानं गेली त्या रस्त्यावर जागोजागी दगड बसवावेत अशी एक समिती निघाली. कमरेएवढा काळा दगड, त्यावर बाण, बाणाखाली दोन ओळी. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांना सगळे प्राचार्यसाहेब म्हणत, बहुधा घरातही. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून दगडावरचा मजकूर तपासायला मला घेतलं. बैठका माझ्या घरी व्हायच्या. पहिल्या बैठकीला नाना भिंतीपलीकडून ऐकत होते, दुसऱ्या बैठकीला भिंतीवरून चहासाठी हात आला, आणि तिसऱ्या बैठकीला हातामागून नानाच आले.

"तुम्ही गाड्यांचं पाहत होतात ना," प्राचार्यसाहेब म्हणाले, "मग दगडांच्या वाहतुकीचं बघा."

नानांनी ते काम अंगावर घेतलं आणि फौजही अंगावर घेतली. त्यांच्या मते फौज आणि शिफ्टची बस यांत काही फरक नव्हता. "पानी कुठं, सावली कुठं, आन् सकाळच्याला बसायला आडोसा कुठं, एवढं बगितलं की थांबा सापडतो," असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं. प्राचार्यसाहेबांनी पाणी आणि सावली इतिवृत्तात घेतली.

वेरूळच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथला दगड बसवायला आम्ही गेलो, तेव्हा प्राचार्यसाहेब आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन येतो म्हणाले. मी गाडीत मजकूर वाचत बसले. दगड उभा करताना गवंड्यानं सहज विचारलं, "नाना, बाण कुनीकडं?" आणि झालं. साहेब कपाळाला भस्म लावून परत आले तोवर सिमेंट धरलं होतं, आणि बाण रस्त्यापलीकडच्या शफीकभाईंच्या हॉटेलात शिरत होता.

पुढच्या आठवड्यात दगड नीट करायला गेलो तर शफीकभाईंनी हॉटेलबाहेर पाटी लावलेली. 'ऐतिहासिक फौज यहाँ रुकी थी. चाय, मिसळ, फॅमिली रूम.' पाटीपुढे उभं राहून दोन कुटुंबं फोटो काढत होती.

"रहने दो ना नाना," शफीकभाई म्हणाले. "फौज मेरे यहाँ चाय पीके गई तो तुम्हारा क्या बिगड़ा? गिऱ्हाईक कित्ता बढ़ गया, देखो तो."

मला वाटलं नाना हसून सोडून देतील. चुकीची वाट ही त्यांच्या हातचीच होती. पण त्यांनी टेंपोतली पहार काढली आणि स्वतः खणायला लागले. घाम गाळत, धापा टाकत. "मानसानं चुकीचं सांगितलं तर मागं पळत जाता येतंय, शफीकभाई," ते म्हणाले. "ह्यो दगुड हाय. ह्यो कसा जानार मागं?"

शफीकभाई आत जाऊन दुसरी पहार घेऊन आले. दगड सरळ झाला. पाटी मात्र तशीच राहिली. ती आजही आहे.

खरी भानगड पुढे झाली. वेरूळकडून हर्सूलकडे येताना त्या फौजेची वाट नकाशावर सरळ येत नाही. मधेच उत्तरेकडे एक विनाकारण वळण घेते, दऱ्याखोऱ्यांत शिरते आणि पुन्हा त्याच जागी परत येते. बैठकीत नकाशा पसरून प्राचार्यसाहेबांनी त्या वळणाची कारणं सांगायला सुरुवात केली. पाण्याचं दुर्भिक्ष असू शकतं. शत्रूला हुलकावणी असू शकते. चाऱ्याचा शोध असू शकतो. नाना गप्प बसून होते. नाना गप्प बसलेत म्हणजे तब्येत बिघडली की काय, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

"तिथं फौज चुकली," नाना म्हणाले. "आमच्याच मानसानं चुकवली."

त्या वळणाच्या तोंडाशी कोरडेवाडी म्हणून गाव आहे. ते नानांचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. त्यांचा कुणी पूर्वज फाट्यावरच्या लिंबाखाली मेंढरं बसवून सावलीला पडला होता. फौजेच्या पुढून एक घोडेस्वार आला आणि हर्सूलची वाट विचारू लागला. आता पूर्वज काय म्हणाला असेल हे आमच्या गल्लीत कुणीही सांगितलं असतं.

"'हे काय, इथंच,'" नाना म्हणाले. "फौज वळली. हत्ती, घोडे, तोफा, समदी वळली. ह्यो आपला मेंढरांना पानी पाजायला गेला. आन् तिथं पान्यात बगता बगता ध्यानात आलं, आरं, त्या अंगाला तर नुसत्या दऱ्या हायेत! मेंढरं बायकोवर सोडली आन् पळत सुटला. दिस बुडायला फौजंला गाठलं. सरदार म्हन्ला, तू आलास कशाला? मान उडवीन तुजी. ह्यो म्हन्ला, चुकलं म्हनून सांगाया आलो. आन् फौजंच्या म्होरं चालत चालत तिला परत फाट्यावर आनून सोडली."

बैठकीत कुणी तरी हसलं. नाना हसले नाहीत. फौज चुकली त्या दिवसापासून त्यांच्या घराण्याला गावात 'वाटचुके' म्हणतात. सोरमारे हे आडनाव कागदावरच. घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की पंगतीत कुणी तरी विचारणारच, "वाटचुक्यांची पोरगी, सासरी नीट पोचंल का?" नानांचे वडील अशा पंगतीतून ताटावरून उठून जायचे. आजोबा मात्र हसायचे आणि म्हणायचे, चुकवलं बी आमीच आन् आनलं बी आमीच.

"लोकं निम्मीच गोष्ट सांगतेत, ताई," नाना मला नंतर भिंतीवरून म्हणाले. "चुकवलं एवढंच सांगतेत. परत आनलं, ते कुनी सांगत नाय. तिथं दगुड बसायलाच हाय, तर त्याच्यावर समदी गोष्ट येऊ द्या. माजा बाप ताटावरून उठला त्याचं तेवढं तरी होऊ द्या."

पुढच्या बैठकीत मी ते तसंच मांडलं.

प्राचार्यसाहेबांना मात्र ते बिलकूल मान्य नव्हतं. "नाना, फौज चुकत नसते," ते म्हणाले. "फौज वळसा घेते."

मजकूर ठरवायला आम्ही कोरडेवाडीला गेलो. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. सरपंच तरुण होता, पांढरा शर्ट, काळा चष्मा, बोलणं झेंडावंदनाचं. त्यानं उभं राहून सांगितलं, की आमच्या गावच्या शूर वीरानं बलाढ्य फौजेला जाणूनबुजून दऱ्यांत घातलं आणि गावाचं रक्षण केलं, तरी दगडावर त्याचं तलवार घेतलेलं चित्र पाहिजे. टाळ्या पडल्या. मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पर ज्या फौजंचे दगुड बसवायलेत तीच ना ही फौज?"

"व्हय."

"म्हंजी आपली?"

 आपल्याच फौजेला दऱ्यांत घातल्याबद्दल तलवारीचं चित्र मागायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसायला लागला. सरपंचानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आवाज तसाच ठेवून म्हणाला, "तर मंडळी, आमच्या गावच्या या वीरानं फौजेला मार्गदर्शन केलं!"

पुन्हा टाळ्या. प्राचार्यसाहेबांचा चेहरा खुलला. मार्गदर्शक म्हटलं की फौज चुकली नाही, गावाचा मान राहिला, आणि दगडावर अक्षरंही कमी. समितीनं तिथंच हात वर करून मंजूर केलं. नानांचा हात तेवढा खाली राहिला. तो हात खाली राहिलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

नानांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. त्या गावातल्या बायकांत बसल्या होत्या, त्या तिथूनच कडाडल्या. "आवो, जल्म गेला वाटचुके वाटचुके ऐकण्यात. आता मार्गदर्शक म्हनायलेत तर म्हनू द्या की! तुमच्या काय जिवावर आलंय?"

"मंग त्यो पळत कशाला गेला?" नाना म्हणाले. "बरोबर वाट सांगितली व्हती, तर मागं पळत कशापायी गेला?"

प्राचार्यसाहेबांनी वही मिटली आणि बैठक संपली.

दगड कोरडेवाडीच्या फाट्यावर कोराच उभा केला. अक्षरं पाथरवट तिथंच कोरणार होता आणि मंजूर मजकूर प्राचार्यसाहेब स्वतः येऊन सांगणार होते. नानांवर आणि, नानांची बाजू मांडली म्हणून, आता माझ्यावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. चैत्रातलं ऊन. आम्ही आधी पोचलो. पाथरवट छिन्नीला धार लावून बसला होता. सरपंचानं मांडव घातला होता आणि काकूंनी वस्तीवरून भाकऱ्या, ठेचा आणि पिठलं आणून ठेवलं होतं. नाना दगडाशेजारी उभे होते, हरलेल्या माणसासारखे, पण रुमाल नवा बांधून.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्राचार्यसाहेब स्वतः गाडी चालवत येत होते आणि अलीकडच्या एका दुफाट्यावर अडले होते. त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. ते वर्गात बोलल्यासारखे फोनवर बोलत. "नाना, इथं दोन रस्ते आहेत. कुणीकडे वळू?"

नानांच्या डाव्या हातात फोन होता. उजवा हात खांद्यातून सरळ निघाला, बोट ताठ. "हे काय साहेब, इथंच! हे हिकडं वळा, हिकडं!"

तो हात सरपंचाला दिसला, पाथरवटाला दिसला, मांडवातल्या शेळीलाही दिसला. ज्यांना दिसायला हवा होता ते तेवढे दूर गाडीत बसले होते. मी ओरडले, "नाना, त्यांना दिसत नाही!" पण फोनमधून आवाज आला, "म्हणजे उजवीकडेच ना?" आणि नाना म्हणाले, "व्हय, व्हय." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. उजवीकडे त्याच दऱ्या होत्या, आणि त्या दऱ्यांत फोनला रेंज नव्हती.

पहिल्यांदा सरपंच हसला आणि मग सगळा मांडव. "वाटचुक्यांनी परत चुकवलं!" कुणीतरी म्हणालं. काकूंनी पदर तोंडाला लावला. नानांचं डोकं आलं होतं. चेहरा पडला, पण या वेळी "आरं तिच्या मारी" सुद्धा म्हणाले नाहीत. चपला घट्ट केल्या आणि चालायला लागले. मोटरसायकल घेऊन जा म्हटलं तर म्हणाले, तिथं नुसते धोंडे हायेत. बांधावर पोचेपर्यंत ते पळायला लागले होते. त्या वयात, त्या उन्हात, रुमालाचं एक टोक सुटून मागे उडत होतं. 

दुपार गेली. पिठल्यावर साय धरली. पाथरवट झोपून उठला. सरपंच दोनदा जाऊन वाट बघून आला. मला खरंच भीती वाटायला लागली. साहेबांना साखरेचा त्रास होता आणि नानांचं छातीचं दुखणं मला काकूंनी हळूच सांगून ठेवलं होतं.

ऊन उतरल्यावर दरीच्या तोंडाशी धूळ दिसली. धुळीत आधी नाना दिसले. चालत होते, थांबून वाटेतला धोंडा बाजूला करत होते, हात वर करून मागे खूण करत होते आणि पुन्हा चालत होते. त्यांच्या मागून, बैलाच्या चालीनं, प्राचार्यसाहेबांची पांढरी गाडी येत होती. मांडवातले सगळे उठून उभे राहिले.  लोक सांगताना गाळतात ती निम्मी गोष्ट समोरून चालत येत होती.

साहेब उतरले. शर्ट बाहेर, पँटला खालपासून वरपर्यंत कुसळं. त्यांनी पाणी प्यायलं, भाकरी हातावर घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. सगळे बघत असताना दुसरीही खाल्ली.

"साहेब," सरपंचानं अदबीनं विचारलं, "वळसा घेतला का?"

प्राचार्यसाहेबांनी हाताला लागलेले भाकरीचे कण झटकले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, लिहून घ्या. 'येथे फौज वाट चुकली.'"

"आन् म्होरलं?" नाना म्हणाले. ते खाली बसले होते, दम लागलेला, पण कान इकडेच.

"पुढचं तुम्ही सांगा, नाना. तुमचं आहे ते."

नानांनी सांगितलं, मी जरा नीट केलं आणि पाथरवटानं, लई अक्षरं व्हायलेत म्हणून कुरकुर करत, कोरलं. 'येथे फौज वाट चुकली. वाट चुकवणारा मागे पळत गेला आणि तिला परत घेऊन आला.' नाव घालायचं का, असं मी विचारलं होतं. नाना म्हणाले, "नाव कुनाला ठावं, ताई? आमाला वाटचुके एवढंच ठावं."

परतताना मी गाडीत त्यांना खोदून विचारलं, "नाना, खरं सांगा. तुम्ही साहेबांना मुद्दाम चुकवलंत ना?"

नाना दुखावले. अगदी मनापासून दुखावले. "ताई," ते म्हणाले, "मुद्दाम चुकवायला आधी बरोबर वाट ठावी लागती."

त्यानंतर त्यांच्या पुतणीच्या लग्नात पंगतीत कुणी तरी नेहमीचा प्रश्न टाकला. नाना ताटावरून उठले नाहीत. जिलबी वाढणाऱ्याला थांबवून आणखी जिलबी घेतली आणि म्हणाले, "पावनं, फाट्यावरचा दगुड वाचून या. जाताना मला इचारू नका फक्त." ही हकिकत काकू मला कितीदा सांगतात, आणि दर वेळी जिलब्या वाढत जातात.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते हिवाळ्यातल्या एका सकाळी. छातीत फार दुखायला लागलं म्हणून अँब्युलन्स आली होती. गल्ली अरुंद, पुढे पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला. ड्रायव्हर पोरगेलासा होता, नवीन. स्ट्रेचर आत सरकवून त्यानं मागे वळून आम्हा सगळ्यांना विचारलं, "मेन रोडला कुठून निघू?"

आमच्यातल्या कुणी तोंड उघडायच्या आत स्ट्रेचरवरून हात निघाला. चादरीखालून, सुई टोचलेला, पण खांद्यापासून सरळ, बोट ताठ.

"त्येंचं ऐकू नको रे बाबा!" काकू ओरडल्या.

सगळी गल्ली हसली. काकू रडता रडता हसल्या. मास्कच्या आतून नानाही हसले, मी नीट पाहिलं. हात काही त्यांनी खाली घेतला नाही. दार लागलं आणि गाडी त्यांच्या बोटाच्या बरोबर उलट दिशेनं गेली.

नाना परत आले नाहीत. आयुष्यभर ज्याला त्याला मागे जाऊन परत आणणारा माणूस गेला, त्याला परत आणणं मात्र कुणाला जमलं नाही. अजून नाक्यावर कुणी गाडी थांबवून पत्ता विचारला की मला त्यांची फार आठवण येते. त्या सकाळी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मी चपला न घालताच तिच्या मागे धावले होते, खणलेल्या रस्त्याच्या कडेपर्यंत.